नाण्याएवढी उघडी जागा

रोज सकाळी दुकानाचं शटर उघडण्याआधी आत्या काचपेपरचा तळहाताएवढा तुकडा फाडून खिशात ठेवायची, इतर बायका रुमाल ठेवतात तसा. गाड्यांची वायरिंग दुरुस्त करणं हे तिचं काम. धातूची कुठलीही वस्तू हाती आली की आधी ती घासली जायची, त्यातून आमच्या घराच्या किल्ल्याही सुटल्या नाहीत. आणि आतोबा रंगारी. ती घासायची, ते रंगवायचे. पंचवीस वर्षं संसार असाच चालला होता.

त्या वर्षी दोघांनी एक जुनी व्हॅन घेतली. शाळेच्या मुलांची ने-आण करायचं काम मिळवायचं होतं. मुख्याध्यापिका दहा वाजता गाडी पाहायला येणार होत्या. गाडी नापसंत झाली, तर काम दुसऱ्याला.

पावणेदहाला मी आत बसून किल्ली फिरवली. इंजिन छान सुरू झालं. डावा सिग्नल दिला, तर चारही दिवे मिणमिणले. हॉर्न दाबला, तर तो कण्हला आणि वायपर अर्ध्यावर येऊन थबकले. मला हसू आवरेना.

"हिच्या अंगात आलंय," आतोबा म्हणाले.

आत्या बॉनेटखाली वाकली. इंजिन रबरावर बसलेलं असतं. ते आणि गाडीचा सांगाडा यांना जोडते ती तांब्याच्या तारांची विणलेली अर्थिंगची पट्टी. दिव्यांची, हॉर्नची वीज परतते ती तिच्यातूनच. ती तर तिने आज सकाळीच नवी बसवली होती.

"अहो, पट्टीसाठी काल मी इथे नाण्याएवढी जागा घासून ठेवली होती."

"हो ना. कशी उघडी पडली होती बिचारी."

"मग?"

"मग दोन हात दिले."

आत्याने पट्टीच्या नटाकडे पाहिलं. घासलंय या भरवशावर तिने न बघता नट आवळला होता, थेट रंगावर. आणि रंगातून वीज जात नाही. मग ती अशी हसत सुटली, की तिला बंपर धरून खाली बसावं लागलं.

दहाला पाच कमी. तिने बॅटरीची वायर काढली, पट्टी सोडवली आणि काचपेपर आतोबांच्या हातात ठेवला.

"मी लावलेला रंग मीच खरवडायचा?"

"मग काय मुख्याध्यापिकाबाईंना घासायला सांगू?"

आतोबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा रंग घासला, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा. धातू चकाकला. दातेरी वायसर, पट्टी, नट. बॅटरीची वायर पुन्हा जोडेपर्यंत बाई दारात उभ्या.

त्यांनी स्वतः सिग्नल दिला. टिक, टिक. हॉर्न असा खणखणीत वाजला, की त्यांनी उगीचच आणखी दोनदा वाजवून पाहिला.

"सोमवारपासून मुलं पाठवते," जाताना त्या म्हणाल्या.

आतोबा अजून त्या नटाकडेच बघत होते. आत्याने ब्रश उचलून त्यांच्या हातात दिला.

"लावा आता वरून. गंजायला नको."