मानूसशास्त्राचा फॉर्म

"हॅलो," सिंधूकाकू म्हणली अन् गप्प बसली.

कॉम्प्युटरवर लाल टिपका चालू. सेकंद पळून राह्यले. दहा, वीस, तीस. काकू माईककडे असं पाहून राह्यली, जसं काही त्यानंच बोलावं. मिनिट झालं, टिपका विझला. आतमधे काय भरलं, तं एक हॅलो अन् मागं आमच्या पंख्याची खडखड.

"काकू, हे पाचवं हॅलो हाय," मी म्हटलं. "कॉलेजवाल्याइले वाटन, फोन लागला अन् कटला."

"मले नाई जमत रे बाबू."

आमचं दुकान जऊळका स्टेशनच्या रस्त्यावर हाय. दुकान सुरेशभाऊचं, खुर्ची मायी. झेरॉक्स, फोटो अन् जगातले सगळे ऑनलाईन फॉर्म. नाव मायं अमोल, पण त्या नावानं कोणी हाक मारली तं मी मागं पाहतो, की कोणाले बोलावलं. सगळे नकल्या म्हणतात. आठवीत असताना मी हेडमास्तरच्या आवाजात व्हरांड्यातून सुट्टी सांगितली होती. अर्धी शाळा घरी गेली, त्यात दोन मास्तर होते. तेव्हापासून नाव पडलं. आता गर्दी झाली की मी स्टेशनवरल्या बाईच्या आवाजात लोकाइले बोलावतो, "झेरॉक्स क्रमांक तीन, थोड्याच वेळात टेबल क्रमांक एकवर येत आहे." लोक हसतात, भाऊ डोळे वटारते, काम चालू राहते.

काकू आंगणवाडीची मदतनीस. घरोघरून पोट्टे गोळा कराचे, खिचडी शिजवाची, खाऊ घालाची, झोपवाचे. वीस वर्षं झाले. बारावी पास हाय, पण ती मार्कलिस्ट लग्नापासून पेटीतच होती. त्या दिवशी सकाळी नवालेच प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून घेऊन आली अन् म्हणली, "मले मानूसशास्त्र शिकाचं हाय."

आमच्याकडे बोलताना ण ले कोणी विचारत नाही, हे मले माहीत हाय. मी 'माणूसशास्त्र' टाकलं. मानववंशशास्त्र निघालं, वर कवट्याइचे फोटो.

"काकू, याच्यात कवट्या मोजा लागतीन."

"कवटीच्या आतलं पाह्यजे बाबू. मन असते ना, त्याचं."

मंग मानसशास्त्र सापडलं. एका कम्युनिटी कॉलेजचा कोर्स, 'मानसशास्त्राची ओळख', सहा महिने, सगळं मोबाईलवर. कम्युनिटी कॉलेज म्हणजे जिथं तुमचं वय किती अन् मधे किती वर्षं घरी बसले, हे कोणी फारसं विचारत नाही. शिकाचं असन तं या.

"पण काहून शिकाचं हाय? काका समजून नाई राह्यले काय?"

"त्याइले समजून झालं," काकू म्हणली. "मागच्या वर्षी हिंमत करेपर्यंत तारीख गेली. यंदा गेली तं मी पुन्हा हा विषय काढत नाई. घरी एकदाच सांगता येते असं काही."

तारीख त्याच दिवशी संपत होती. संध्याकाळी पाचले.

मी भरणं सुरू केलं. फोटो पन्नास केबीच्या आत पाहिजे. केबी म्हणजे फोटोचं वजन. दिसाले तेवढाच, पण हलका कराचा. झाला. मंग ओटीपी. म्हणजे मोबाईलवर येणारा आकडा, जो पाच मिनिटं जगते. काकूच्या मोबाईलले आमच्या दुकानात रेंज नाही, स्टेशनच्या ओट्यावर हाय. दोनदा मी तिचा मोबाईल घेऊन ओट्यापर्यंत पळालो, दोनदा परत येईपर्यंत आकडा मेला. तिसऱ्या टायमाले मी मायाच नंबर टाकला. धंद्यात लय जण टाकतात. भाऊनं शंभर वेळा नाही म्हणून सांगितलेलं हाय, ते धंद्यात लय जण टाकतात म्हणूनच.

शेवटी आली ती आवाजाची पायरी. तुम्हाले हा कोर्स काहून कराचा हाय ते एका मिनिटात स्वतःच्या आवाजात सांगा. तिथंच हे पाच हॅलो झाले.

काकू उठली. "जाऊ दे. लेकरं येतीन, खिचडी टाकाची हाय." पन्नी उचलली, दारापर्यंत गेली, अन् मागं न पाहता म्हणली, "नाई झालं तं राहू दे."

हे 'राहू दे' मी चार जणाइच्या आवाजात काढू शकतो. पण तिनं ते जसं म्हटलं, ते कानातून जायेना.

मंग मी ते केलं जे मले येते. काकूचा आवाज कठीण नाही. वाक्य सुरू कराच्या आधी ती एक घोट गिळते, शेवटचा शब्द हातातून सुटल्यासारखा खाली पाडते. मी घोट गिळला अन् बोललो, "समाजाचे मानसिक आरोग्य सुदृढ करण्यासाठी मी हा अभ्यासक्रम निवडला आहे." मिनिटभर असं दणकून. झेरॉक्सले थांबलेल्या दिन्यानं टाळी दिली. सबमिट दाबलं, अर्जाचा नंबर आला. मले वाटलं मी पुण्य कमावलं.

बाराच्या सुमाराले मोबाईल वाजला.

"सिंधूताई बोलताय का? मी कॉलेजमधून बोलतेय."

नंबर कोणाचा टाकला होता, ते आता आठवलं. मी घोट गिळला. "हाव, बोला ना मॅडम."

"एकच विचारायचं होतं. समाजाचं आरोग्य वगैरे सगळेच म्हणतात. तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

मी तोंड उघडलं. आवाज काकूचा तयार होता, आत टाकाले काहीच नव्हतं. लाल टिपका नसूनही मले तो दिसाले लागला. शेवटी मायाच तोंडातून निघालं, "हॅलो."

तेवढ्यात दिन्या, सकाळपासून थांबलेला. "ए नकल्या, मायी झेरॉक्स देतं का जाऊ?"

"थांब ना बे, दोन मिनिट!"

मायाच आवाजात. मायाच नरड्यातून.

"हे कोण बोललं?" मॅडमनं विचारलं.

आता कोणाच्याही आवाजात बोलणं बरं दिसत नव्हतं.

"ज्यांना शिकायचंय त्यांनी बोलावं," मॅडम म्हणाल्या. रागावल्या नाहीत, तेच वाईट. फोन ठेवला. स्क्रीनवर अर्जासमोर आलं, होल्ड. होल्ड म्हणजे हो बी नाही, नाही बी नाही. पण पाच वाजता खिडकी बंद झाली की होल्डचं आपोआप नाही होते.

भाऊ आतून आला. "काय झालं बे?"

सांगितलं.

"मोबाईल नंबर कोनाचा टाकला?"

"माया."

भाऊनं छताकडे पाहिलं. मंग गाडीची किल्ली टेबलावर टाकली. "जा तिच्याकडे. अन् तोंड इथंच ठेवून जाशीन तं बरं होईन."

आंगणवाडी गावाच्या टोकाले. आभाळ आलेलं, पण पाणी नाही. दोन्हीकडे सोयाबीन असं उभं, जसं त्याले कोणी हलू नको म्हणून सांगितलं. मी गाडी लांबच बंद केली. काहून, ते मले बी माहीत नाही. तिथं आवाज करावासा वाटतच नव्हता.

दार लोटलेलं होतं. आत सतरंजीवर चौदा लेकरं झोपलेले. कोणाचा पाय कोणाच्या पोटावर, कोणाच्या गालाले खिचडीचं शीत. पंखा हळूहळू फिरून राह्यला, खिडकीच्या जाळीतून उजेड त्याइच्या अंगावर पडून श्वासासंग वर-खाली होऊन राह्यला. पाच मिनिटं बसलो असतो तं मी बी झोपलो असतो. काकू भिंतीले टेकून बसली होती. तिनं ओठावर बोट ठेवलं.

मी बाजूले बसलो अन् कुजबुजत सगळं सांगितलं.

"माया आवाज काढला?"

"हाव."

"कसा काढला? काढून दाखव."

मी घोट गिळला अन् काढाले गेलो. काही होयेना. कुजबुजताना आवाजच नसते राजा, नुसता वारा असते. मायी कुजबूज, तिची कुजबूज, सारखीच.

"मी अशी बोलतच नाई," काकू म्हणली. "माया नावानं खोटं बोलला तू. लाव फोन."

मी लावला. मॅडमले हळूच म्हटलं, "मॅडम, मघाशी मी होतो, दुकानवाला. चूक मायी हाय, याइची नाई. आता ह्याच बोलतात." अन् मोबाईल काकूले दिला. मले वाटलं, आता सहावं हॅलो.

"मॅडम, मी सिंधू," काकू कुजबुजली. "हळू बोलते. लेकरं झोपले हायेत."

अन् बोलतच गेली.

"वीस वर्षं झाले, ह्या टायमाले मी इथंच बसते. लेकरं झोपेत बोलतात. जागेपनी जे तोंड उघडत नाई, ते बी बोलते. एक पोट्टी होती, सालभर एक शब्द बोलली नाई. घरचे म्हनत, मुकी हाय. अन् एक दिवस झोपेत तिनं बकरीले हाक मारली. नाव घेऊन, साफ. मी तिच्या मायले सांगतलं तं ती म्हने, तुमाले भास झाला बाई. दुसऱ्या दिवशी मी मायले इथं आनून बसवलं. पोट्टी नाई बोलली. मंग ते लोक कामाले बाहेरगावी गेले, तिले घेऊन गेले. मले कोनाले काई समजावता आलं नाई मॅडम. शब्दच नव्हते मायाजवळ. झोपेत कोन बोलते अन् जागेपनी त्याले कोन गप करते, एवढं समजाचं हाय मले. मानूसशास्त्रात असन ना ते?"

रोज ह्या वेळेले ती अशीच बोलत असन, ह्याले झोप त्याले झोप करत. तिचा खरा आवाज हाच होता, अन् तो मी कधी ऐकलाच नव्हता.

मी मोबाईलजवळ कान नेऊन ऐकून राह्यलो होतो. मॅडम काय म्हणतात? अन् मजा पाहा, मॅडम बी हळू बोलाले लागल्या. तिकडे शहरात, ऑफिसात, कोणी झोपलेलं नसताना.

"ती मुलगी आता—"

तेवढ्यात सतरंजीवरून एक आवाज आला. स्पष्ट, मोठा, डोळे मिटलेले. "मी नाई येत. तुमी जा."

लांब रेल्वेगाडीचा भोंगा वाजला अन् विरला.

"हे कोण बोललं?" मॅडमनं विचारलं.

दिवसातून दुसऱ्यांदा. ह्या टायमाले मले भीती नाही वाटली.

"झोपेतलं लेकरू हाय मॅडम," काकू म्हणली अन् एका हातानं त्याच्या अंगावरलं फडकं सरकवलं. "हे शिकवता ना तुमी?"

तिकडे मॅडमनं पानं उलटल्याचा आवाज आला. "एक धडा आहे. झोप आणि स्वप्नं. छोटासाच आहे."

"छोटा तं छोटा," काकू म्हणली.

चार वाजून दहा मिनिटांनी होल्ड गेलं अन् मंजूर आलं. मी स्टेशनवरल्या बाईच्या आवाजात सांगाले तोंड उघडलं, मंग साध्याच आवाजात सांगितलं. भाऊनं माया कपाळाले हात लावून पाहिला, ताप तं नाही.

काकूचा कोर्स आता चालू हाय. अजूनही मानूसशास्त्रच म्हणते, मी दुरुस्त करत नाही. पन्नीतून वही काढते अन् विचारते, "बाबू, अबोध म्हंजे काय?" मले येत नाही. आरशासमोर मी तिच्या कुजबुजीची नक्कल करून पाहिली, ते बी येत नाही.

एक मात्र शिकलो. फॉर्ममधे मोबाईल नंबर उमेदवाराचाच टाकाचा. रेंज नसन तं त्याले घेऊन स्टेशनच्या ओट्यावर उभं राहाचं.