रखमाने निवडलेला कॉम्प्युटर

चिंचपोकळीला शामरावांच्या छापखान्यात मॅक कॉम्प्युटरवर बसणारी रखमा म्हणजे गिरणगावातल्या निम्म्या लग्नांची पहिली साक्षीदार. पत्रिकेत आत्याचं नाव मामीच्या खाली गेलं तर मांडवात काय महाभारत होईल, हे वधूपित्याआधी तिला कळायचं. संपात नवऱ्याची, दौलतची, गिरणी सुटली तेव्हा ती इथे पत्रिकांना घड्या घालायला आली आणि बघता बघता माऊस हातात घेऊन बसली. इंग्रजी चार बुकांचं, पण अक्षरं अशी देखणी बसवायची की दादरचे मोठे छापखानेवालेही तिची पत्रिका हातात घेऊन निरखत.

दौलत मात्र संपानंतर उभा राहिलाच नाही. धडधाकट माणूस, खिडकीशी बसून राहायचा. वॉचमनकी नको, कुणाच्या दुकानात पुड्या बांधणं नको. चाळीतले लोक उपदेश करून थकले. रखमा एकदाही त्याला टोचून बोलली नाही. कमावणं सोपं हो, कमावून गप्प राहणं कठीण.

शहाण्णव साली शामरावांनी छापखाना बंद करायचं ठरवलं. ते म्हणाले, "रखमाबाई, इतकी वर्षं तुम्ही सांभाळलंत. हा मॅक घरी न्या, नाहीतर नवा पीसी घेऊन देतो. दोनातलं एक सांगा. घरी बसून कामं घ्या."

झालं. ज्यांनी कॉम्प्युटर लांबूनही पाहिला नव्हता, तेही नळावर मॅकवाले आणि पीसीवाले होऊन भांडू लागले. रखमा गुपचूप दादरच्या एका दुकानात जाऊन पीसी बघून आली. त्यावर मराठी टाइप करायची बटणं थेट जुन्या मराठी टाइपरायटरसारखी होती. मॅकवर ती निराळी. तिथे उभी असतानाच तिला आठवलं, संपाची पत्रकं युनियनच्या टाइपरायटरवर दौलतच बडवायचा, आणि तेही बटणांकडे न बघता.

घरी आली तर सासूबाईंनी, म्हणजे राधाबाईंनी, कोकणातल्या रीतीप्रमाणे रवळनाथाला गाऱ्हाणं घालून देवाच्या नारळावर दोन कळ्या चिकटवलेल्या. उजवी पडली तर मॅक, डावी पडली तर पीसी. उजवी पडली होती.

"कौल मिळालो," राधाबाई म्हणाल्या. "रखमाक मॅकच बरो."

रखमाने देवाला हात जोडले. मग खिडकीशी बसलेल्या दौलतकडे बघत हळूच म्हणाली, "आये, तुमी देवाक माझा इचारलात. देवान माझा बरोबर सांगल्यान. ह्यांचा इचारलात खंय?"

राधाबाईंनी नारळाकडे पाहिलं. चूक त्यांना कळली. घरात कौल लावायचा तर जी कमावते तिच्याच नावाने, अशी सवयच पडून गेली होती. "मगे परत लावूया?" त्यांनी विचारलं.

"नको. ह्याचा उत्तर माका ठावक आसा."

तिने पीसी सांगितला. शामरावांनी डोक्याला हात लावला, कारण तिची मॅकवरची जुनी कामं पीसीवर उघडणार नव्हती, ती देखणी वळणं तिथे नव्हती, आणि चाळिशी ओलांडल्यावर तिला पुन्हा श्रीगणेशापासून शिकायचं होतं. तिला हे सगळं माहीत होतं, आणि मॅकचा निरोप घेताना वाईटही खूप वाटलं.

पीसी आला. पहिली पत्रिका लालबागच्या आनंदीबाईंच्या लेकीची. रखमा एका बोटाने एकेक अक्षर हुडकत बसली. दौलतला बोलावलं नाही, विनवलं नाही. तो दोन दिवस खिडकीतून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी उठला.

"सरक गो. 'श्री' थंय नाय, हंयसर आसा."

तो बसला. बोटं आधी अडखळली, मग धावायला लागली. रखमा मजकुराचा कागद हातात धरून बाजूला उभी राहिली आणि वाचू लागली. दुसऱ्या ओळीवर तिला रडू कोसळलं आणि वाचन थांबलं.

"थांबलंस कित्याक?" मान वर न करता दौलत म्हणाला. "फुडचा वाच."