परिघ, व्यास आणि सफारीतले दोन पाहुणे

माझ्या बी.एड्.च्या अंतिम पाठाला दोन परीक्षक आले होते. त्यांपैकी एक परीक्षक नव्हता.

नव्वदचं दशक. आम्ही सुरतेत लिंबायतला राहायचो. माझा विषय गणित, आणि अंतिम पाठ घरामागच्याच मराठी शाळेत, सातवीच्या वर्गावर. घटक : वर्तुळाचा परिघ. बडोद्याहून परीक्षक येणार, मागच्या खुर्चीत बसणार आणि प्रस्तावना, फळ्यावरचं अक्षर, प्रश्न विचारण्याचं कसब, वर्गातला वावर असं सगळं जोखून पन्नासपैकी गुण देणार. वर्षभराच्या मेहनतीचा निकाल एका तासात!

नेमकं त्याच दिवशी आमच्या भगवानमामाने माझ्यासाठी स्थळ आणलं. (मला कुणीच सांगितलं नाही. माझं पाठात लक्ष लागावं म्हणून!) मुलाचे वडील अमळनेरचे, कुणाच्या तरी लग्नाला सुरतेत आलेले आणि संध्याकाळी परतणार होते. मामाने त्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं. ‘सफारीतले गृहस्थ’ एवढीच खूण.

आई हबकली. “अरे भाऊ, तिना तं आज पाठ से!”

“मंग बरंच! शायमाच दखाडी दिऊ. तू फिकर नको करू ताई, मी फाटकवर उभा राहस!” मुलगी शाळेतच दाखवायची, हे मामाने ठरवूनही टाकलं.

त्या काळात सुरतेत ज्याला म्हणून काही वजन होतं तो प्रत्येक माणूस सफारी घालायचा, हे मामाच्या गावीही नव्हतं.

पहिली सफारी रिक्षातून उतरली. “शाळा हीच ना? त्या मुलीचा पाठ बघायचाय.”

‘मुलगी’ आणि ‘बघायचाय’! मामाला एवढं पुरलं. त्याने त्यांची बॅग हिसकावून घेतली (आदरानेच!) आणि म्हणाला, “आधी घर चला साहेब, फराळ तयार से!” परीक्षकाला पाठाआधी खाऊ घालायचं ही सगळीकडचीच रीत. तेही निमूट निघाले.

दुसरी सफारी आली तेव्हा फाटकावर कुणीच नव्हतं. ती थेट हेडमास्तरांपुढे उभी राहिली. “मुलगी बघायला आलोय.”

“पधारो साहेब, पधारो!” म्हणत हेडमास्तरांनी त्यांना माझ्या वर्गात, मागच्या खुर्चीत बसवलं. मी वर्तुळ दाखवायला आणलेली बांगडी उचलली आणि पाठ सुरू केला.

पाच मिनिटांत मागून आवाज आला, “बेटा, जरा चालून दाखव.”

वर्गातला वावर! मी सगळ्या रांगांमधून फिरून आले.

“आता नाव लिही पाहू.”

फळ्यावरचं अक्षर! मी वळणदार नाव काढलं. खाली रेघसुद्धा मारली.

“भाकरी जमते का?”

इथे मी अडखळले. पण मग डोक्यात लख्ख उजेड पडला. गणिताची व्यवहाराशी सांगड! “जमते सर!” म्हणत मी फळ्यावर हे एवढं मोठं वर्तुळ काढलं. “मुलांनो, ही भाकरी. तिची कड म्हणजे काय?”

“परिऽघ!”

“आणि बरोबर मधोमध मोडली तर?”

“व्याऽस!”

“ज्वारीची की कळण्याची?” साहेबांनी विचारलं.

“कळण्याऽची!” ज्वारी-उडदाच्या त्या भाकरीवर वाढलेला अख्खा खानदेशी वर्ग ओरडला. साहेबांनी तृप्त मान हलवली. मी मनातल्या मनात पंचेचाळीस गुण घेऊन टाकले.

तिकडे घरी काय चाललं होतं ते मला नंतर आईने सांगितलं. खरे परीक्षक पोह्यांची दुसरी बशी संपवत होते.

“गुण मात्र मी शाळेत बघितल्यावरच देणार,” ते म्हणाले.

“बघानं काय त्यामा? छत्तीसपैकी छत्तीस जुळतस!” मामा.

“पण पाठ तर पन्नासपैकी असतो.”

मामा चपापला. तरी त्याने रेटलं, “बरं, तुमना पोऱ्या काय करस?”

“चौथीत आहे.”

“चौथीत? साहेब, आमनी पोर बी.एड्. करी राह्यनी!”

“म्हणून तर मी आलोय!”

आईच्या हातातला चहाचा कप निसटला.

मग परीक्षक पुढे, बॅग घेऊन मामा मागे, असे दोघं पळतच वर्गात घुसले. परीक्षकांच्या मिशीवर कोथिंबीर होती. “माझ्या खुर्चीत हे कोण?”

“मी मुलाचा बाप!”

“कोणत्या मुलाचा?” हेडमास्तरांनी घाबरून विचारलं. “कोणत्या इयत्तेतल्या?”

पाच मिनिटं नुसता गोंधळ. मी कुणाकडे बघून लाजायचं आणि कुणाकडे बघून घाबरायचं, हेच मला कळेना! शेवटी परीक्षकांनी फर्मान सोडलं, “पाठ पुन्हा घ्या. पहिल्यापासून!”

मी बांगडी उचलली. “मुलांनो, माझ्या हातात...”

“परिघ! व्यास! कळण्याची भाकरी!” पोरांनी एका दमात अख्खा पाठ संपवला. मला विचारायला एकही प्रश्न उरला नाही. उरलेला वेळ मी खडू धरून नुसती उभी.

संध्याकाळी मुलाच्या वडिलांनी निरोप धाडला : मुलगी गुणाची आहे, पण फार बोलते. महिन्याभराने निकाल लागला. काठावर पास! परीक्षकांचा शेरा : विद्यार्थिनी वर्गात बोलतच नाही.

दोघांची सरासरी काढली तर मी अगदी आदर्श होते हो! पण सरासरीला कुणी नोकरी देत नाही, आणि तिच्याशी लग्न तर मुळीच करत नाही.