तीन पोती रिकामे खोके घेऊन मानपाड्याला

खोपटच्या एसटी स्टँडवर आम्ही दोघी आणि आमची तीन पोती शिळफाट्यामार्गे कल्याणला जाणाऱ्या गाडीची वाट बघत होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा ओळखीची माणसं सुट्टीत कुलू-मनालीला जायची आणि आल्यावर चारचौघांना बसवून अल्बम दाखवायची. मी ठाण्याहून डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला गेलेले. या प्रवासाचं वर्णन कोणी मागितलेलं नाही, तरी मी करणार आहे, कारण मला राहवत नाही.

पोत्यांत आंब्याच्या रसाचे रिकामे कागदी खोके होते. शाळेच्या सहली, वाढदिवस, मुंजी, जिथे जावं तिथे हे खोके दिसायला लागले होते. स्ट्रॉ खुपसायची, ओढायचं आणि फेकायचं. रद्दीवाला त्यांना हात लावेना, कारण बाहेरून कागद असला तरी आत प्लास्टिक आणि चंदेरी पत्र्याचं अस्तर. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात मी हे खोके जमवायची टूम काढली. माझ्या धाकट्या दिरांनी सांगितलेलं की मानपाड्याला म्हात्रे नावाचे एक कारखानदार अशा खोक्यांपासून फळ्या बनवतात. सहा महिन्यांत जिन्याखालचा कोपरा भरला, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला थांबवून बजावलं, "काकू, म्हात्रे घेत असतील तर ठीक. पोती परत आली तर सोमवारी कोपरा रिकामा, आणि हा उद्योग कायमचा बंद."

म्हणजे मंडळाची अब्रू त्या तीन पोत्यांत होती. माझी तर होतीच.

माझ्याबरोबर आलेली सुजाता तिसऱ्या मजल्यावर राहायची. टेलिफोन खात्यात नोकरी, घरी दोन मुलं, शनिवारी सुट्टी. बाकीच्या बायकांना नेमकी त्याच दिवशी कामं निघाली, त्यामुळे ती आली. मोठी दोन पोती मी गाडीत चढवली. तिसरं लहान होतं, ते तिने स्वतःच उचललं.

"हे काय, बाई?" कंडक्टरने विचारलं.

"रसाचे खोके."

"रस सांडायचा नाही गाडीत."

"रस नाही. प्यायलेले आहेत."

"मग कचरा म्हणा ना सरळ."

मी त्याला कचरा आणि वस्तू यांतला फरक समजावून सांगत होते, तोवर त्याने घंटी मारली.

कळव्याचा पूल आला. खाली खाडीत ओहोटी लागली होती, चिखलावर बगळे उभे होते. पुलापलीकडे एक कोळीण टोपली घेऊन चढली आणि माझ्या पायाशी असलेल्या पोत्यावर तिने हात ठेवला.

"काय गो बाय, पोत्यान काय हाय? मना वाटला जवला." (जवळा म्हणजे सुकवलेली बारीक मासळी.)

मी सांगितलं, खोके आहेत, आम्ही ते धुतो, रात्रभर भिजवतो, आतलं चंदेरी अस्तर नखाने सोलून टाकतो आणि कागद गच्चीत वाळवतो. सोलण्याचा नियम माझा होता. स्वच्छ कागद समोर ठेवला की नाही म्हणायची कोणाची टाप नाही, असं माझं मत. ज्या बायका कंटाळा करायच्या त्यांना मी भर बैठकीत चांगलंच झापलं होतं.

"कचरा कोन धुतं गो?" कोळीण हसून हसून टोपलीवर कलंडली. सुजाता मात्र हसली नाही. मांडीवरचं पोतं तिने आणखी जवळ ओढलं.

मुंब्र्याला डाव्या हाताला खाडी आणि उजव्या हाताला पारसिकचा डोंगर, अशी वाट. शिळफाट्याला गाडी थांबली तेव्हा उकडलेल्या शेंगा घेतल्या. गरम, खारट, बोटांना चिकटणाऱ्या. सुजाताने टरफलं खिडकीबाहेर टाकायला हात काढला आणि मी तो धरला. मग मानपाडा येईपर्यंत सगळी टरफलं माझ्या रुमालात आणि ओला रुमाल माझ्या साडीवर. डाग अजून आहे. दोन्हीकडे भातशेतं होती, मध्येच एखादी वीटभट्टी, आणि मग वाऱ्यावर केमिकलचा वास आला. डोंबिवलीची एमआयडीसी आली हे डोळे मिटूनही कळलं असतं.

म्हात्र्यांचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड. म्हात्रे तिथल्याच गावचे, पन्नाशीचे, हातावर भाजल्याचे जुने डाग. त्यांनी आधी चहा मागवला. फेकायचे कप नकोत म्हणून मी पिशवीतून आमचे दोन स्टीलचे पेले काढले, तेव्हा ते जरा चमकून बघायला लागले. मग मी थाटात पहिलं पोतं सोडलं.

त्यांनी एक कागद उचलला, उजेडात धरला, उलटा केला.

"आतली चांदी कुठाय?"

"सोलून टाकली," मी म्हणाले. "सगळ्या खोक्यांची. कागद अगदी स्वच्छ आहे."

"अहो काकू, मला तेच तर पायजे होतं."

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी मला तापलेल्या प्रेसपाशी नेलं. खोक्यांचे बारीक तुकडे करून ते दोन पत्र्यांमध्ये दाबायचे. उष्णतेने त्या चंदेरी अस्तराचं प्लास्टिक वितळतं आणि तेच सगळ्या तुकड्यांना धरून ठेवतं. वेगळा गोंद नाही, काही नाही. "नुसता कागद दाबला तर हातात भुगा येईल. हा तुमच्या रद्दीवाल्याला द्या, तो घेईल खुशाल."

मी तिथल्या बाकावर बसले. सहा महिने पस्तीस बायकांनी नखं झिजवली, आणि जे कामाचं होतं ते माझ्या हुकमाने कचऱ्याच्या डब्यात गेलं. कचरा कमी करायला निघालेली मी कचरा वाढवत होते. मला भयंकर लाज वाटली.

"काकू," सुजाता हळूच म्हणाली, "रागावू नका. ह्या लहान पोत्यातले सोललेले नाहीत. माझे आहेत. ऑफिसातून आल्यावर जमायचं नाही हो. नुसते धुऊन चपटे करून ठेवायचे. तुम्ही ओरडाल म्हणून वेगळे ठेवलेले."

"मग आणलेस कशाला?"

"टाकवत नव्हते. विचार केला, तुमचे घेतील तेव्हा गुपचूप त्यांच्यात घालू."

म्हात्र्यांनी तिचं पोतं उलटं केलं. खोक्यांचे बारीक तुकडे केले, पसरले, प्रेस खाली आली. आम्ही दोघी घामाने निथळत उभ्या राहिलो. पत्रा वर उचलला तेव्हा खाली एक सपाट फळी होती, हिरवे-पिवळे ठिपके असलेली. म्हात्र्यांनी तिच्यावर मूठ आपटली.

"असे आणा. दर महिन्याला घेईन."

मी सुजाताचा हात दाबला. नाक्यावर येऊन आम्ही गरम भजी खाल्ली, तिने पैसे काढले तरी मी देऊ दिले नाहीत.

परतीच्या गाडीत मी रद्दीवाल्यासाठी परत आणलेली दोन पोती पायाशी ठेवून, खिडकीशी बसून बैठकीत काय सांगायचं ते जुळवत होते. मशीन वेगळं निघालं म्हणावं. नियम बदलला म्हणावं. शब्द बरे जुळत होते, पण शेजारी सुजाता डोकं मागे टेकून झोपली होती, आणि तिच्याकडे बघितलं की एकेक शब्द गळून पडायचा. सहा महिने ही बाई मला घाबरून बरोबर वागत होती.

रविवारी सगळ्या बायका गच्चीवर जमल्या. सेक्रेटरीही कठड्याला टेकून उभे होते. मी उभी राहिले आणि सरळ सांगितलं, "सोलायचं नव्हतं. मला कोणी सोला म्हणून सांगितलेलं नव्हतं, मीच ठरवलं. सुजाताचे खोके घेतले, आपले नाही घेतले." बायका इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले. म्हात्रे दर महिन्याला घेणार हे ऐकून सेक्रेटरींनी कोपरा राहू दिला.

नवीन नियम सांगायला मी सुजाताला पुढे केलं. ती लाजत उभी राहिली. "धुवा, चपटे करा, कोपऱ्यात ठेवा. बाकी काही करू नका," एवढंच म्हणाली आणि बसली. पुढे कित्येक वर्षं मानपाड्याला जाणं चालू राहिलं. नियम सुजाताने सांगायचे आणि पोती मी उचलायची, असं आमच्यात ठरून गेलं.