फोटोचा आवाज आणि आम्ही चौघं

जिथं बोलायला बंदी, तिथं किस्से जास्त साचतात, असा माझा अनुभव आहे. चार माणसं रोज सकाळी दोन तास मांडीला मांडी लावून बसतात आणि चकार शब्द काढत नाहीत, म्हटल्यावर पोटात काय काय जमा होत असेल! मग उठून चहाच्या टपरीवर आलो की सगळे एकदम सुटतात. ऐकायला कोणी उरतच नाही. म्हणून म्हटलं, आपण लिहून ठेवावं.

आमचं काम म्हणजे सारसाची राखण. गोंदियाहून तासाभरावरच्या आमच्या गावात, तलावाच्या खालच्या अंगाला डुलीचंद पटल्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत. पावसाळ्यात सारसाची जोडी तिथं घरटं करते. पक्षी माणसाएवढा उंच, पण अंडी अगदी उघड्यावर. कुत्र्यांनी आणि हौशी माणसांनी त्यांना त्रास देऊ नये म्हणून आम्ही धुऱ्यावर, खाचराच्या कडेच्या बांधावर, बसतो आणि रोजचा एक फोटो काढून ठेवतो.

आम्ही म्हणजे शेताचा मालक डुलीचंद, गोंदियाचं कापडाचं दुकान बंद करून गावी आलेला नंदलाल, अंगणवाडीच्या रेखाताई आणि विजेच्या खात्यातून निवृत्त झालेला लाईनमन मी. डुलीचंद आणि नंदलाल, दोघांच्याही बायका गेलेल्या. रेखाताईंनी लग्नच केलं नाही. घरी वाट पाहणारं माणूस चौघांत फक्त मला होतं. थोडा उशीर झाला की डुलीचंद हसून म्हणायचा, "जा बापा, तुले घरी रागावणारं कोणी आहे!"

*

भानगडीची सुरुवात डुलीचंदपासून झाली. हैद्राबादच्या पोरानं त्याला नवा फोन पाठवला. दुसऱ्याच दिवशी गडी धुऱ्यावर हजर. सारसाची मादी अंड्यावर बसलेली, आम्ही श्वास रोखून पाहतोय, आणि यानं फोन उचलून बोट दाबलं. खचाक! मादी ताडकन उठली, नर मान वर करून ओरडला आणि दोघं चांगली पन्नास पावलं दूर गेली. परत येऊन अंड्यांवर बसेपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात आम्ही तिघांनी डुलीचंदला नजरेनं भाजून काढलं.

"मी का केलो?" तो म्हणाला. "थो फोनच ओरडला!"

त्या दिवशी ठराव झाला की फोटोचा आवाज बंद केल्याशिवाय कोणी फोन बाहेर काढायचा नाही. पण बंद करायचा कसा, हे विचारायला कोण थांबतो? डुलीचंदनं आपल्या अकलेनं अख्खा फोनच सायलेंट करून टाकला. आवाज गेला, फोटो निघाले, गडी खूश.

त्याचा पोरगा फक्त रविवारी फोन करायचा. त्या रविवारी केला, तर कोणी उचलेना. पुन्हा केला. घाबरून शेवटी त्यानं सरपंचाला लावला. सरपंच चिखलातून मोटरसायकल रेटत आला, तर डुलीचंद अंगणात बसून शेंगा सोलतोय.

"काका, फोन काऊन नाही उचलत? पोरगा तिकडं रडून राहिला!"

डुलीचंदनं फोन पाहिला. चौदा मिस्ड कॉल. रेखाताईंनी नंतर त्याला समजावलं की अख्खा फोन मुका करायची गरज नाही, फक्त कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येतो. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी आम्ही पाहतो तर फोन पुन्हा सायलेंट!

"अरे, आता कायले?" मी विचारलं.

"चौदा वेळा केला ना त्यानं," तो म्हणाला. "एक वेळा उचलला तर एकच वेळा करते."

*

रेखाताईंना हे सेटिंग आधीपासून येत होतं, कारण त्यांच्यावर तशी पाळीच आली होती. अंगणवाडीतल्या झोपलेल्या पोरांचा रोज दुपारी फोटो पाठवावा लागायचा. खचाक झालं की अर्धी पोरं उठून केस सारखे करायची. वर पर्यवेक्षिका मॅडमचा सवाल, "झोपेच्या वेळेला मुलं बसलेली कशी?" शेवटी रेखाताईंनी फोनशी झटून झटून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तो आवाज शोधून काढला आणि त्याचा गळा आवळला. आमचेही फोन त्यांनीच गप्प केले.

पण आवाज नसला की फोटो निघाला हेही कळत नाही, हा त्यातला धोका. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी बहिणीला दाखवायला आपल्या जेवणाच्या ताटाचा फोटो काढला. निघाला की नाही कळेना, म्हणून इथं दाब, तिथं दाब. ताट गेलं थेट अंगणवाडीच्या ग्रुपवर! भात, तुरीचं वरण, कोपऱ्यात लोणचं.

मॅडमनी सवयीनं विचारलं, "लाभार्थी एकच का?"

रेखाताईंनी लिहिलं, "हो मॅडम. एकच."

हे सांगताना त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. आम्हीही हसलो. मग डुलीचंदनं आपला कप त्यांच्यापुढं सरकवला.

*

नंदलालची तऱ्हा वेगळी. त्याचा जन्म गोंदियाच्या बाजारात गेला, त्यामुळे सारसाशीसुद्धा तो हिंदीत बोलतो. आवाज बंद झाल्यावर त्याचा कॅमेरा खिशात, हातात, उशाशी कुठंही आपोआप सुरू होऊ लागला आणि बिनबोभाट फोटो काढू लागला. वर पुण्याच्या सुनेनं त्याच्या फोनात अशी काही सोय करून ठेवलेली की निघालेला प्रत्येक फोटो तिला तिकडं दिसायचा.

आठवड्यानं तिचा फोन आला. आम्ही टपरीवरच होतो, आणि नंदलालला स्पीकर लावूनच बोलायची खोड आहे.

"पप्पा, तीन सौ फोटो आए हैं। सब में वही छत का पंखा! दिनभर पंखा देखते रहते हो क्या?"

आम्हाला वाटलं, आता हा काहीतरी झणझणीत उत्तर देणार. दुकानात गिऱ्हाइकाला गप्प करणारा माणूस तो!

"हाँ बेटा," नंदलाल म्हणाला. फोन खिशात ठेवला आणि टपरीवाल्याला अजून एक चहा सांगितला.

*

आता माझा किस्सा. हा मी टपरीवर अजून पुरता सांगितलेला नाही.

माझी बायको इमला. तिला फोटोचा भारी तिटकारा. मी फोन उचलला की तिचा पदर तोंडावर. खचाक ऐकू येईपर्यंत पदर हलायचा नाही. आवाज झाला की पदर खाली आणि वर विचारणार, "झाला तमाशा?" मी म्हणायचो, अगं, एक तरी काढू दे. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "कायले? भिंतीवर लावाले?"

गेल्या फाल्गुनात ती गेली. तेरवीच्या आधी भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून मुलगी माझा फोन घेऊन बसली. साठ-सत्तर फोटो निघाले. हिरवा पदर, निळा पदर, लग्नातला जरीचा पदर. तोंड एकातही नाही. पोरगी रडायला लागली, "बाबा, आईचा चेहराच नाही का हो आपल्याकडं?"

होता. तो मी वेगळा लपवून ठेवला होता.

झालं असं की, त्याआधीच्या दिवाळीत रेखाताई फराळाला आल्या होत्या. इमला ओसरीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेली. मी सवयीनं फोन उचलला, पदर वर गेला. रेखाताई मला आत बोलावून हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमचा फोन तर मुका आहे. मी माह्या फोनाचा आवाज चालू करतो अन् मांगून वाजवतो. वहिनीले वाटन, झाला फोटो. पदर खाली आला का तुमी काढा!"

चोरी ठरली. मी अंगणात, इमलाच्या समोर. रेखाताई तिच्या पाठीमागे, ओसरीवर. पदर तोंडावर. मागून खचाक! इमला क्षणभर तशीच बसली. मग पदर खाली घेतला, माझ्याकडं सरळ पाहिलं आणि हसली. म्हणाली, "झाला तमाशा?"

मी बोट दाबत राहिलो. माझा फोन गप्प. पाच फोटो निघाले, पाचही लख्ख. रेखाताई आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसल्या. मी कोणाला काही बोललो नाही, इमलाला तर नाहीच. कळलं असतं तर तिनं उभ्या उभ्या पुसायला लावले असते.

त्यातलाच एक आता भिंतीवर आहे. आता धुऱ्यावर मला उशीर झाला तरी चालतो. डुलीचंदनं ते रागावण्याचं बोलणं सोडून दिलंय. ऊन चढलं की चौघंही उठतो, पण घाई कोणालाच नसते. घरी कुलूप उघडताना सकाळी विझवलेली चूल आठवते आणि आत जावंसं वाटत नाही, हे खरं आहे.

पण तिच्या शेवटच्या आठवड्यातली एक दुपार सांगायची राहिली. गोंदियाच्या दवाखान्यात ती पडून होती, मी स्टुलावर बसून संत्री सोलत होतो. बोलायला तिला त्रास व्हायचा. तरी माझ्याकडं कूस वळवून म्हणाली, "एक विचारू का जी?"

"विचार ना."

"दिवाळीले तुमी माह्या समोर उभे होते. फोटोचा आवाज पाठीमांगून आला. मले का कान नाही?"

माझ्या हातातली फोड तशीच राहिली. तिनं ती काढून घेतली, तोंडात टाकली आणि म्हणाली,

"मंग? चांगला आला का?"