तीन बोटं, आडवी

आमच्या घरी बिअर बनवायचा बॉयलर आला तो माझ्या सासूबाईंसाठी. हे वाक्य मी समा भागातल्या आमच्या सोसायटीत भेटेल त्याला सांगून पाहिलं. कोणाचाही विश्वास बसला नाही, आणि सांगता सांगता माझाही उडत चालला. कमरेइतकं उंच खोकं, त्यावर फेसाने भरून वाहणाऱ्या ग्लासाचं रंगीत चित्र, आणि राज्यात दारूबंदी. कुरियरवाल्याने ते लिफ्टमध्ये ठेवून लिफ्टच वर पाठवून दिली. ती प्रत्येक मजल्यावर थांबत आली.

"भाभी, आ तो बियर बनाववानुं मशीन छे ने?" समोरच्या बेननी दारातूनच विचारलं.

"दवा माटे छे, बेन. सासूबाईंच्या."

"हा, हा. दवा ज कहेवाय." असं म्हणून त्या हसत आत गेल्या. संध्याकाळी त्यांचे यजमान आमच्या ह्यांना जिन्यात गाठून म्हणाले, थोडी दवा अमने पण आपजो, आम्हालाही द्या थोडी. गेली कित्येक वर्षं हा गृहस्थ आमच्याशी पार्किंगवरून बोलत नव्हता.

झालं होतं ते असं. सासूबाईंना ताप येऊन गेला आणि जाताना त्यांची भूक घेऊन गेला. वरणभात नको, खिचडी नको, फार तर दोन घास पेज. अंगावरचं लुगडं सैल झालं, आवाज इतका खोल गेला की पलंगाच्या पलीकडे पोचेना. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, आणि बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाले, "वय झालंय. मागतील ते द्या." हे वाक्य डॉक्टर कधी म्हणतात ते सगळ्यांना माहीत असतं. आमचे हे त्यानंतर खिडकीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

सासूबाईंनी मागितलं द्राक्षासव. विकतचं आणलं तर हुंगूनच परत दिलं. "हे सरबत आहे. मी करायचे तसं घाला. ते पोटात गेलं की जेवीन."

आता आसव म्हणजे काही चहा नव्हे. काळ्या मनुका पाण्यात उकळून पाणी आटवायचं, गाळून निववायचं, गूळ, धायटीची फुलं आणि मसाला घालून बरणीचं तोंड बांधायचं, आणि महिनाभर तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. महिनाभर! मी पलंगाकडे बघितलं.

दांडिया बाजारच्या आमच्या जुन्या घरात त्यांचं आसवाचं एक पितळी पातेलं होतं. हे घर घेतलं तेव्हा माझ्या नवऱ्याने ते "अडगळ" म्हणून मोडीत घातलं होतं. तेव्हापासून सासूबाई मुलाची ओळख करून देताना आधी शिक्षण सांगतात, मग नोकरी, मग पातेलं. ही संधी साधून दांडिया बाजारात जाऊन दुसरं पातेलं आणावं, असं मी सुचवलं. पण नाही. आमच्या यजमानांची सगळी नोकरी रिफायनरीत तेलाच्या टाक्या मोजण्यात गेलेली. टाकीवर चढायचं, वजन लावलेली फीत आत सोडायची, किती भिजली ते बघायचं आणि त्यावरून तेल किती ते सांगायचं. याला ते डिप म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांना मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते पिण्याच्या पाण्याचं पिंप मोजतात. अशा माणसाला बिनखुणांचं भांडं चालणार होतं थोडंच? त्यांनी इंटरनेटवरून तीस लिटरचा बॉयलर मागवला. स्टीलचा, खाली तोटी, आत लिटरच्या खुणा. "अंदाजपंचे काम नको," म्हणाले. "आईचा प्रश्न आहे."

बॉयलर गॅलरीत मांडला, कारण वाफ. मापाची चौकशी तिथूनच सुरू झाली.

"आईला विचार, पाणी किती आटवायचं?"

सासूबाईंचा आवाज पोचत नव्हता, म्हणून मी मधल्या दारात उभी राहून इकडचं तिकडे करत होते. आतून उत्तर आलं, मी गॅलरीकडे तोंड करून ओरडले, "तीन बोटं उरेपर्यंत!"

"तीन बोटं? आडवी की उभी?"

"आडवी! उभी कोण धरतं, म्हणतायत!"

खालच्या बागेतल्या बाकावर ज्येष्ठ नागरिकांची सभा भरली होती. ती एकदम शांत झाली. दारूबंदीच्या राज्यात, बिअरच्या बॉयलरपाशी उभं राहून, नवरा-बायको मोठमोठ्यांदा तीन बोटं, तीन बोटं करतायत. दुसऱ्या दिवशी मला देवळात लोकांनी वाट करून दिली.

यानंतर आमच्या घरात जे शास्त्र चाललं ते बघून माझे डोळे पांढरे झाले. तीन बोटं म्हणजे पितळी पातेल्यातली तीन बोटं. बॉयलरचा घेर वेगळा, म्हणून त्यात तीच तीन बोटं चालायची नाहीत. मग पातेल्याचा व्यास हवा. पातेलं कुठल्या तरी भट्टीत वितळून समईबिमई होऊन बसलेलं. ह्यांनी आईलाच विचारलं. आईने अंथरुणातून दोन्ही हात पसरून दाखवलं, "एवढं. तू मोडीत घातलंस ते."

शेवटी मला आठवलं की पातेलं गेलं तरी झाकण घरातच आहे. मी त्याने कणीक झाकते. हे कणकेसकट झाकण घेऊन गेले आणि त्याचा व्यास मोजून आले.

राहिली बोटं. हे स्टीलची पट्टी घेऊन आईच्या पलंगावर बसले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. तीन बोटं जुळवून पट्टी धरली. सासूबाईंनी बोटं सोडवून घेतली.

"ही नकोत. ही बारीक झालीत आता. तेव्हाची धर."

ह्यांनी पट्टी खाली ठेवली. तेव्हाची कुठून आणायची, हे कुठल्याच तक्त्यात नसतं. सासूबाईंनी मात्र माझ्याकडे बोट दाखवलं. "हिची घे. भाकऱ्या थापून थापून अशीच जाड होती माझी." माझ्या संसारातली ही त्यांनी केलेली पहिली स्तुती. मी हात पुढे केला.

हिशेब निघाला तो असा की शेवटी अडीच लिटर उरायला हवं. आणि बॉयलरच्या खुणा सुरू होतात पाच लिटरपासून! समुद्रापलीकडून आलेल्या त्या यंत्राला पाचाच्या खालचं काही कळतच नव्हतं. मी फक्त हसले, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट झालं. ह्यांनी रागारागाने माझा लांब दांड्याचा लाकडी चाटू उचलला. बॉयलरमध्ये अर्धा-अर्धा लिटर गार पाणी ओतत, प्रत्येक वेळी चाटू तळापर्यंत उभा बुडवत, ओल जिथवर चढेल तिथे करवतीच्या पात्याने खाच पाडत बसले. सगळा खटाटोप करून आम्ही जिथून निघालो होतो तिथेच आलो. काठी बुडवा आणि बघा.

उकळायच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, मला खुर्चीत घालून गॅलरीच्या दारात न्या. आम्ही दोघांनी उचलून नेलं. वजन असं लागलंच नाही, आणि त्याचीच भीती वाटली. त्या मात्र खुर्चीत बसल्या बसल्या सुरू झाल्या. आच कमी कर. ढवळ. तोटी कशाला हवी, गाय आहे का ती? ह्यांनी डिप घेतला, खाच वाचली आणि कपाळाला हात लावला. मनुका फुगल्यामुळे पातळी वर दिसत होती. आता मनुकांनी किती जागा अडवली ते काढायला हवं. शिवाय गरम पाणी गार पाण्यापेक्षा फुगतं, त्याची दुरुस्ती वेगळी.

"आई, तू मनुकांसकट मोजायचीस की काढून?"

"मी आसव करायचे," सासूबाई म्हणाल्या. त्या दुपारी दमून त्यांनी वाटीभर पेज संपवली.

बरणी बांधून कोठीच्या खोलीत तांदळाच्या पिंपात पुरली. मग महिना गेला. कसा गेला ते मला विचारू नका. सकाळी उठलं की आधी त्यांचा श्वास ऐकायचा, मग चहा ठेवायचा. शेजारच्या बेन येऊन विचारायच्या, "दवा तैयार थई?" आणि मी म्हणायचे, व्हायला हवी, बेन.

महिना भरला तशी बरणी उघडली. घरभर लवंगेचा आणि गुळाचा आंबूस दरवळ सुटला. ह्यांनी वाटीत ओतलं आणि आईच्या हातात दिलं. ह्यांचं तोंड दहावीचा निकाल लागायचा असावा तसं झालं होतं. सासूबाईंनी घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले. मग सावकाश सगळी वाटी संपवली.

"फार आटवलंस," त्या म्हणाल्या. "चार बोटं सांगितली होती मी."

"आई, तीन!" हे ओरडलेच. "तीन म्हणाली होतीस! सोसायटीत कोणालाही विचार, तीन!"

"सोसायटीने कधी आसव केलंय? परत घाल." मग माझ्याकडे वळून, "आणि अगं, भात टाक. जरा मऊ. भूक लागलीय."

मी स्वयंपाकघरात जाऊन बरणीतलं चमचाभर चाखलं. उत्तम झालं होतं. त्याला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि रिकामी वाटीही तेच सांगत होती. त्यांना अजून एक महिना हवा होता, एवढंच. तांदूळ धुता धुता मला रडू फुटलं.

हे मनुका आणायला पिशवी घेऊन तरातरा निघालेसुद्धा. जिना अर्धा उतरून थांबले असावेत, कारण खालून आवाज आला, "चार ना? आडवी?"

मी हात पुसून दाराकडे धावले, निरोप पोचवायला. गरज पडली नाही.

"आडवी!" आतून सासूबाई ओरडल्या, आणि बागेतली सभा पुन्हा एकदा शांत झाली.