मारिसेलचा परतीचा परवाना

मंडळी, मी इथे सहसा नुसता वाचतो. आज थोडं लिहावंसं वाटलं.

मारिसेल ही फिलिपिन्सची नर्स. जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या हॉस्पिटलमध्ये माझ्या पत्नीला, सुनंदाला, शेवटपर्यंत तिनेच सांभाळलं. आता तिने नोकरी बदलली आहे आणि ती आईला भेटायला मनिलाला चालली आहे. तिथून जर्मनीला परत निघताना फिलिपिन्स सरकारचा परवाना दाखवावा लागतो. त्यावर जुन्याच हॉस्पिटलचं नाव होतं. विमानतळावर अडवलं असतं, तर नवी नोकरीही गेली असती.

तिने आणि मी मिळून नवा करार जोडून दुरुस्तीचा अर्ज केला. आज दुपारी ती दुरुस्त परवाना घेऊन माझ्या घरी आली. मी तो पुन्हा पुन्हा वाचत बसलो.

"आल्झो, चला, पुरे आता," ती हसली. "तुमची बायको म्हणायची, हा माणूस बिस्किटाचा पुडासुद्धा आधी वाचतो, मग फोडतो."

सुनंदा असं म्हणायची, हे मला ठाऊकच नव्हतं. ती गेल्यापासून तिचं नवीन असं काही मी आजच ऐकलं. तेव्हापासून बरं वाटतंय.

परवान्यात आता चूक नाही. मारिसेल परत आली की सुनंदाबद्दल आणखी विचारीन.

तुम्हालाही गेलेल्या माणसाचं असं काही दुसऱ्याकडून कळलंय का?